स्टार्टर मोटर बदलली, तरी गाडी ‘टक’च करत होती!

(ऑडिओ ऐकायला वेळ नसेल, किंवा गाडीपाशी बसून एकेक स्टेप वाचायची असेल, तर हा या भागाचा पूर्ण मजकूर. बोलण्यातले ‘अं’, ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, अप्रेझल तर अजिबात नाही. आज बोलायचंय एका ‘टक’ या आवाजाबद्दल. सेल्फचं बटण दाबलं, ‘टक’ झालं आणि पुढे काहीच नाही. स्कूटरवाल्यांनी हा आवाज कधी ना कधी ऐकलाच असेल. माझी गोष्ट एटीव्हीची आहे. समुद्रकिनाऱ्यावर ती चार जाड टायरांची, हँडलवाली गाडी असते ना, फेरी मारतात ती. पण आतलं तंत्र तुमच्या स्कूटरच्या सेल्फसारखंच आहे, त्यामुळे ऐका.

माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, अलिबागजवळच्या एका किनाऱ्यावर एटीव्हीच्या फेऱ्या चालवतो. चार गाड्या आहेत. पावसाळ्यात धंदा बंद, गणपतीनंतर थोडा थोडा सुरू, आणि खरी कमाई डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत. दोन वर्षांपूर्वी त्याच डिसेंबरात मला वहिनीचा फोन आला. मी हिंजवडीत ऑफिसमध्ये होते. वहिनी एरवी कधी दुपारी फोन करत नाही.

ती म्हणाली, “तू इंजिनीअर आहेस ना गं? मग ये आणि त्या गाडीचं काहीतरी बघ. ह्यांनी काल त्या पोराचा पाय मोडला असता.”

झालं होतं असं. एका गाडीचा सेल्फ लागत नव्हता. या गाडीला किक नाही, दोरी ओढून चालू करायची सोय नाही. गिअर पायाने बदलायचे, पण क्लच ऑटोमॅटिक, त्यामुळे ढकलूनही चालू होत नाही. सेल्फ गेला की गाडी गेली. मग दादाने ती जुनी युक्ती सुरू केली. सीट काढायची आणि रिलेच्या दोन जाड नटांना स्क्रू ड्रायव्हर आडवा लावायचा. ठिणगी उडते आणि कधी कधी इंजिन चालू होतं. त्या दिवशी गाडी गिअरमध्ये होती. बटणाने चालू करताना गाडी न्यूट्रलला आहे का, ब्रेक दाबलाय का, हे सर्किट आधी बघतं. स्क्रू ड्रायव्हर काहीच बघत नाही. गाडी उडी मारून पुढे गेली आणि समोर उभ्या असलेल्या मदतनीस मुलाच्या नडगीला बंपर लागला. हाड वाचलं, पण पोरगा दोन दिवस लंगडत होता. एकोणीस वर्षांचा आहे तो.

मी शुक्रवारी रात्री खोपोली-पेणमार्गे अलिबागला पोचले. बॅगेत लॅपटॉप, आणि पुण्यातून विकत घेतलेली नवी स्टार्टर मोटर. कारण प्रवासाआधीच मी ‘निदान’ करून टाकलं होतं! दादाने आधीच नवी बॅटरी टाकली होती, चौदाशे रुपये. तरी सेल्फ लागत नव्हता. मी आठ-दहा व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं: बॅटरी नवी आहे, म्हणजे मोटर गेली. गाडीचा फोटो दाखवून सव्वीसशेची मोटर घेतली.

शनिवारी सकाळी बदलली. बटण दाबलं.

टक.

दादा काही बोलला नाही. वहिनीपण बोलली नाही. चहा आणून ठेवला आणि आत गेली. मला त्यापेक्षा ओरडा चालला असता.

आता जरा थांबून, हा सेल्फ म्हणजे असतो काय ते बघू.

सेल्फच्या आत

तुम्ही बटण दाबता तेव्हा बटणातून मोटरचा करंट जात नाही. बटणातून अगदी थोडा करंट एका रिलेला जातो. रिले म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच. त्यात एक छोटं चुंबक तयार होतं, ते आतला लोखंडी तुकडा ओढतं आणि दोन जाड टोकं जोडली जातात. ‘टक’ हा आवाज तोच. मग बॅटरीतून जाड केबल, रिले, पुन्हा जाड केबल, आणि मोटर. मोटरला दुसरी वायर नसते. तिची बॉडी इंजिनला बोल्टने घट्ट बसलेली असते, तिथून करंट इंजिनमध्ये आणि अर्थच्या केबलने परत बॅटरीच्या निगेटिव्हला. ही परतीची वाट लक्षात ठेवा. सगळे जण पॉझिटिव्ह बाजू तपासतात, परतीच्या वाटेकडे कोणी बघत नाही. मीपण नव्हतं बघितलं.

थोडा इतिहास. गाडीला विजेचा स्टार्टर व्यवहारात आणला तो अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत. त्याआधी लोक समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवायचे, आणि ते उलटं फिरून हात मोडायचे. केटरिंगने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनसाठी विजेची मोटर केली होती. तिथली एक गोष्ट त्याला इथे उपयोगी पडली: मोटर काही सेकंदच चालणार असेल तर ती लहान ठेवून तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला तरी चालतो. तुमच्या स्कूटरच्या मोटरलाही हेच लागू आहे. म्हणून बटण पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं. ती सतत चालण्यासाठी बनलेलीच नाही. दाबून धरलं तर आत तापते आणि जळते.

आधी आवाज ऐका

मीटर काढायच्या आधी कान वापरा.

बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही, तर दोष बहुतेक बारीक वायरींच्या बाजूला: फ्यूज, बटण, ब्रेकचा स्विच, न्यूट्रलचा स्विच, किल स्विच. किल स्विचवर हसू नका. किनाऱ्यावर गिऱ्हाईक तो दाबून जातं आणि आपण तासभर वायरी शोधत बसतो.

टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली असण्याची शक्यता जास्त. रिले ओढला जातो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, परत ओढला जातो.

एकच ‘टक’ आला, तर रिले ओढला गेला, पण मोटर फिरेल इतकी ताकद तिच्यापर्यंत पोचली नाही. किंवा पोचली आणि मोटरच मेलीय.

मोटर घूं करून फिरते पण इंजिन फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. तिच्या आणि इंजिनच्या मधला एकदिशा क्लच किंवा गिअर गेला. त्यासाठी मोटर बदलून काही उपयोग नाही.

आमची तिसरी केस होती.

मग मोजा

तो चहा गार झाल्यावर मी उठले आणि दादाच्या शेजारच्या वायरमनकाकांकडून मल्टिमीटर मागून आणला. साधा, डिजिटल. सगळ्यात आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधलेली आणि समोर कोणीही उभं नाही. तो मुलगा या वेळी आपणहून मागे जाऊन बसला होता.

पहिलं माप: बॅटरीच्या दोन टोकांवर, काही न दाबता. १२.७ व्होल्ट. चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी सगळं नंतर.

दुसरं माप: तिथेच, पण बटण दाबून. ११.४. ‘अरे वा, छान’ असं वाटलं मला. आणि इथेच खरी खूण होती. धडधाकट मोटर इंजिन फिरवते तेव्हा भरपूर करंट ओढते आणि बॅटरी साडेदहा-अकराच्या आसपास उतरते. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी कमजोर. पण इंजिन फिरतच नाहीये आणि बॅटरी मात्र आरामात आहे, म्हणजे करंटला वाटेत कोणीतरी अडवतंय.

तिसरं माप: मोटरचं टोक आणि मोटरची बॉडी, बटण दाबून. ७.१ व्होल्ट! बॅटरी ११.४ देतेय, मोटरला ७.१ मिळतायत. मधले ४.३ व्होल्ट गेले कुठे?

आता कोडिंगवाल्या मंडळींनी लक्ष द्या. हे अगदी बायनरी सर्च आहे. कोणत्या कमिटने कोड मोडला हे शोधताना आपण मधोमध कापतो ना, तसंच. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी मोटरच्या टोकावर, बटण दाबा. आलं ०.५. म्हणजे पॉझिटिव्ह केबल आणि रिले मिळून अर्धा व्होल्ट खातायत. थोडं जास्तच, पण गुन्हेगार ते नाहीत. आता एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मोटरच्या बॉडीवर. इथे पाव व्होल्टपेक्षा कमी यायला हवं. आले ३.८.

परतीच्या वाटेवर! पुन्हा मधोमध कापलं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून केबलच्या इंजिनकडच्या थिंबलपर्यंत: ३.७. थिंबलपासून मोटरच्या बॉडीपर्यंत: ०.१. म्हणजे दोष त्या एका हातभर केबलच्या आत. बाहेरून केबल काळीभोर, झकास. रबराची नळी कापली, तर आत तांब्याची हिरवी-काळी भुकटी आणि जेमतेम पाच-सहा जिवंत तारा. खारं पाणी थिंबलच्या तोंडातून आत शिरलं आणि तारांमधून वर चढत गेलं होतं. रोज संध्याकाळी गाड्या धुतात, पण पाणी तिथपर्यंत जातं ते खारटपणा घेऊनच.

तुम्ही म्हणाल, मीटरच्या बीप मोडवर केबल तपासली असती तर? तपासली होती ना! मस्त बीप झाला. पाच तारांमधूनही बीप होतो. गणित साधं आहे: केबलचा रोध फक्त ०.०५ ओहम असेल आणि तिच्यातून ६० अँपिअर जायचे असतील, तर ३ व्होल्ट तिथेच संपतात. आणि ०.०५ ओहम साध्या मीटरला नीट दिसतही नाही. लॅपटॉपवर चालणारा कोड सर्व्हरवर लोड आल्यावर कोसळतो, तसंच हे. केबलची परीक्षा लोड देऊनच घ्यायची. म्हणून बटण दाबून मोजायचं.

आणि दादाचा स्क्रू ड्रायव्हर कधी कधी का चालायचा, तेही कळलं. तो रिलेला वळसा घालत होता, त्यामुळे रिलेत जाणारं थोडं व्होल्टेज वाचत होतं. सकाळी गाडी गार असताना तेवढं पुरायचं, दुपारी तापल्यावर पुरायचं नाही. म्हणजे तो रोज जीव धोक्यात घालून अर्ध्याएक व्होल्टची उधारी मिळवत होता.

अलिबागमधून जाड केबल, कलई केलेली दोन थिंबल आणि आकसणारी नळी आणली. दाबून पक्की केली, टोकांना ग्रीस. साडेतीनशे रुपये. बटण दाबलं आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू. जुनी मोटर परत लावून बघितली, तिच्यावरही चालू. म्हणजे सव्वीसशेची मोटर आणि चौदाशेची बॅटरी, चार हजार रुपये, नसलेल्या दोषावर. सगळे त्याच्या खिशातून गेले असते तर वाईट वाटलंच असतं. इथे मोटरचे मी दिले होते, तरी बॅटरीचे त्याचेच.

जुन्या मोटरची साफसफाई

दादा म्हणाला, “जुनी टाकू नको, स्पेअर ठेवू.” म्हणून दुपारी ती उघडली. उघडण्याआधी बॉडी आणि दोन्ही झाकणांवर मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. दोन लांब बोल्ट काढले की झाकणं सुटतात. आतल्या पातळ वॉशरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आत वाळू होती, कार्बनची काळी पूड होती. कार्बन ब्रशची लांबी अजून बरी होती, स्प्रिंग घट्ट. ब्रश जिथे घासतात तो तांब्याचा गोल भाग बारीक पॉलिश पेपरने हलका पुसला. मग बीप मोड: तांब्याच्या पट्ट्या एकमेकींशी जोडलेल्या दाखवल्या पाहिजेत, पण पट्टी आणि मधला दांडा यांच्यात बीप येता कामा नये. आला तर मोटर आतून शॉर्ट आहे. आमची पास झाली. पिशवीत घालून ठेवली.

आणि मग खरंच मोटर गेली

३० डिसेंबर. मी पुण्यात, दादाचा व्हिडिओ कॉल. दुसऱ्या गाडीला ‘टक’. गाडी त्याच मॉडेलची. या वेळी मी काहीच सांगितलं नाही, फक्त बघत होते. त्याने आता स्वतःचा मीटर घेतला होता. बॅटरी १२.६. बटण दाबून १२.५. मोटरच्या टोकापासून बॉडीपर्यंत, बटण दाबून: १२.५.

तो स्वतःच म्हणाला, “हिला सगळं मिळतंय गं. तरी उठत नाही.”

बरोबर! पूर्ण व्होल्टेज पोचतंय आणि ती हलत नाही, करंटही घेत नाही, म्हणजे दोष मोटरच्या आत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बॉडीवर हलकं ठोकलं तर एकदा फिरली. झिजलेल्या ब्रशची ही नेहमीची खूण. आता मोटर बदलणं योग्य होतं. कशी बदलायची ते सांगते, बहुतेक लहान एटीव्हींना हे लागू आहे:

चावी बंद, गिअर न्यूट्रल. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा. कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला लागला तर निगेटिव्ह जोडलेला असल्यास तिथेच शॉर्ट होतो.

मोटर आणि आजूबाजूची जागा आधी ब्रशने साफ करा. मोटर काढल्यावर इंजिनला भोक उघडं राहतं, वाळू आत गेली तर संपलंच. काढल्याबरोबर तिथे स्वच्छ फडकं लावा.

मोटरच्या टोकाचा रबरी टोप मागे सारा. तिथे दोन नट असतात. आतला नट एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने बाहेरचा सोडायचा. नुसताच जोर लावला तर स्टड आतून फिरतो आणि चांगली मोटर तिथेच मरते. लावतानाही हेच.

दोन बोल्ट सोडले की मोटर हलवत हलवत सरळ बाहेर. हातोडा नको. काही इंजिनांत थोडं ऑइल गळतं, खाली भांडं ठेवा.

नवी आणि जुनी शेजारी ठेवून दांड्याचे दाते मोजा, लांबी बघा, बोल्टची भोकं बघा. फिरण्याची दिशाही तीच हवी. ‘दिसायला सेम’ यावर जाऊ नका.

मोटर जिथे बसते ती इंजिनची जागा घासून चकचकीत करा. तिथेच तिचा अर्थ आहे, रंग किंवा गंज राहिला तर पुन्हा ‘टक’. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. दोन्ही बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा, मग पान्याने. सहा मिलिमीटरचे बोल्ट असतील तर साधारण १० न्यूटन मीटर पुरतं. इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, जोर दाखवलात तर आटे जातील.

शेवटी बॅटरी. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

दादाने पिशवीतली जुनी मोटर पाऊण तासात बसवली आणि ३१ तारखेला चारही गाड्या चालल्या. त्या मुलानेच बटण दाबलं होतं, मी स्क्रीनवर बघत होते. समोर कोणी उभं आहे का, हे त्याने दाबण्याआधी दोनदा बघितलं.

आता दादाच्या पेटीत मीटर असतो, झाकणावर त्याने मार्करने लिहिलंय: ‘आधी माप, मग पार्ट.’ आणि रिलेला स्क्रू ड्रायव्हर लावायला वहिनीची सक्त मनाई आहे. तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

तुम्हाला एकच काम देते. तुमच्या स्कूटरचा सेल्फ हल्ली जड लागतोय का? मग गाडी सेंटर स्टँडवर घ्या आणि नवी बॅटरी घेण्याआधी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी मोटरच्या बॉडीवर ठेवून बटण दाबा. किती व्होल्ट आले ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. अर्ध्याच्या वर आले असतील तर बॅटरीच्या दुकानात जायची घाई करू नका, आधी ती काळी केबल बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गाडी न्यूट्रलला ठेवा!